मनकर्णाची साखर

"मावशी, खरं सांगा. पहाटे निघताना तोंडात काय टाकलंत?"

अमृत सरांनी हा प्रश्न माइकवरून विचारला. नगरच्या सावेडीतल्या मैदानावर दर रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसं जमायची, सगळी साखरेची दुखणाईत. पळून झालं की ओळीनं बसायचं, सर एकेकाचं बोट टोचायचे आणि यंत्रावर आलेला आकडा माइकवरून जाहीर करायचे. आकडा उतरलेला असला की टाळ्या पडायच्या. मनकर्णाचा आकडा सांगितल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. दोनशे अठरा.

"काई न्हाई टाकलं," मनकर्णा म्हणाली.

"तुमच्या मुलानं कळवलंय, घरी पहाटे एकशे बेचाळीस. इथं येऊन, पळून, घाम गाळून दोनशे अठरा. मधल्या वेळात साखर काय आभाळातून पडली?"

माणसं हसली. सगळ्यात मोठ्यानं हसले ते पुढच्या ओळीतले छगनराव. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांचा आकडा दर रविवारी उतरलेला असायचा, आणि सर त्यांना उभं करून सगळ्यांना दाखवायचे.

"शरीर खोटं बोलत नाही मावशी," सर म्हणाले. "माणूस बोलतो. कर्जतच्या मनकर्णा तोरडमल, पुढच्या रविवारी तोंड बंद ठेवून या."

मनकर्णाच्या कानशिलांतून जाळ निघाला. आजवर तिला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. सासू आडदांड म्हणायची, जाऊ तोंडाळ म्हणायची, आणि दोघींचं खरंच होतं. पण खोटारडी असं कुणी म्हटलं नव्हतं. गावात बांधावरून दोघं भांडले तरी शेवटी 'मनकर्णाला इचारा' म्हणायचे, कारण पोटच्या पोराच्या विरुद्ध जात असलं तरी ती पाहिलेलं गिळत नसे. आणि इथं, ज्याचं तोंड सहा महिन्यांपूर्वी तिनं पाहिलंही नव्हतं असा एक माणूस तिचं नाव, आडनाव, गाव घेऊन तिला चारचौघांत खोटं पाडत होता.

ती उठली, चपला पायात अडकवल्या आणि सरांना काही न बोलता फाटकाकडे चालू लागली. बोलली असती तर शिवीच आली असती.

सावेडीत ती आली ती एका काट्यामुळे. लिंबोणीच्या बागेत काम करताना बाभळीचा काटा तळव्यात मोडला आणि जखम भरेचना. थोरला मुलगा हर्षल नगरला एमआयडीसीतल्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो गावी आला, आईला गाडीत घालून घेऊन गेला, रक्त तपासलं, आणि साखर निघाली. जखम भरली, गोळ्या सुरू झाल्या. गाव, बाग आणि नवरा सहादेव मागं ठेवून ती मुलाच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. हर्षलला कारखान्यातल्या कुणीतरी अमृत सरांच्या ग्रुपचं सांगितलं. फुकट आहे, लोकांच्या गोळ्या सुटल्यात, तू आईला पाठवच.

अमृत सर काही भोंदू नव्हते. त्यांच्या वडिलांचा पाय ह्याच दुखण्यानं कापावा लागला होता आणि त्यातच ते गेले. पस्तिशीत सरांना स्वतःला साखर निघाली तेव्हा ते पळत सुटले ते आजपर्यंत पळत होते. त्यांची साखर खरोखरच ताब्यात आली. त्या दिवसापासून त्यांची खात्री पटली की जो पळतो त्याची साखर जाते, आणि ज्याची जात नाही तो चोरून खातो. तिसरी शक्यता त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हती.

पळवायचेही ते जिवाच्या आकांतानं. आधी मैदानाच्या फेऱ्या, मग प्रेक्षकांच्या गॅलरीच्या पायऱ्या धावत चढायच्या आणि उतरायच्या. कुणी मंदावला की मागून ओरडायचे, "मागं मरण लागलंय! पळा!" बाकीच्यांना त्याचं हसू यायचं. मनकर्णाचं मात्र काळीज घशात यायचं. आयुष्यभर ती चालली होती, वाकली होती, डोक्यावर पाटीनं माती वाहिली होती, पण कुणी हाकलतंय म्हणून कधी पळाली नव्हती. पायऱ्या संपल्यावर तिचे हात थरथरायचे, तोंडाला कोरड पडायची, आणि नेमकं तेव्हाच सर बोट धरून टोचायचे.

फाटकाबाहेर हर्षल गाडी घेऊन थांबला होता. माइक त्यालाही ऐकू आला होता. त्यानं गाडी सरळ घरी आणली. लिफ्टमध्ये म्हणाला, "आई, मी रागावत नाहीये. पण मला तरी खरं सांग."

"काय खरं सांगू?"

"हे मागचे पाच-सहा रविवार चाललंय. घरी मी स्वतः टोचतो तेव्हा बरी असते. आंघोळीला जातेस, आवरतेस, आणि तिथं जाईपर्यंत सत्तर-ऐंशीनं वाढते. काहीतरी पोटात गेल्याशिवाय..."

"हर्षल, म्या खाल्लं न्हाई."

"बरं," तो म्हणाला. ते 'बरं' तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

दुपारी ती जरा पडली होती, डोळा लागला नव्हता. आपल्या कपाटाचं दार वाजलं म्हणून तिनं मान वळवली तर सून राजनंदिनी तिच्या लुगड्यांच्या घड्या उचलून खाली बघत होती. सून वाईट नव्हती. शाळेत शिकवायची, सासूच्या गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळायची. पण आत्ता तिच्या हातात एक पुडी होती. राशीनच्या देवीच्या प्रसादाची खडीसाखर. यात्रेला गेली तेव्हा मनकर्णानं ती रुमालात बांधून आणली होती.

"आई, हे काय?"

"परसाद हाय."

"तो ह्या कपाटात, लुगड्यांखाली?"

"मंग कुटं ठिवू? तुमच्या सयपाकघरात साकरंच्या डब्याला बी कुलूप लावलंयस तू. मला दिसत न्हाई व्हय?" मनकर्णा ताडकन उठली. "गाठ बघ. गाठ सुटलीय का बघ! यात्रंला बांधली तशी हाय."

राजनंदिनीनं गाठ बघितली नाही. "ह्यांना दाखवते," एवढं म्हणून ती पुडी घेऊन गेली. बाहेर दोघांचं हळू आवाजात बोलणं झालं. हर्षल आत आला नाही. यापेक्षा तो आत येऊन भांडला असता तर मनकर्णाला बरं वाटलं असतं. खोलीतल्या खोलीत ती फेऱ्या मारत राहिली. त्या पोराला गोवर निघाला तेव्हा रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसले होते मी, ह्याच हातांनी त्याला भरवलं, आणि आता ह्याच हातांचा त्याला भरवसा नाही!

मधूनच तिला एक भीतीही वाटायची आणि ती रागापेक्षा वाईट होती. मी खाल्लेलं नाही हे मला ठाऊक आहे. मग यंत्रात दिसते ती साखर आली कुठून? आपण झोपेत तर उठून खात नाही ना, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. लगेच तिला स्वतःचाच संताप आला. लोकांनी इतकं म्हटलं की आपलाही आपल्यावरचा विश्वास उडायला लागला.

संध्याकाळी तिनं गावाला नवऱ्याला फोन लावला. सहादेव तोंडानं मवाळ माणूस होता. चाळीस वर्षांच्या संसारात भांडणं तिनं केली होती आणि मिटवली त्यानं होती. तिनं त्याला सगळं सांगितलं, माइकपासून खडीसाखरेपर्यंत. सांगता-सांगता आवाज चढला.

सहादेवानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, खाल्लं आसंल चिमूटभर तर म्हन खाल्लं. पोरगं हाय आपलं, काय फाशी देनार हाय का? उगं वाढवू नगंस."

"अवो, म्या खाल्लंच न्हाई!"

"आसू दे गं. म्हनून टाकायचं. मिटतंय."

मनकर्णानं फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिली, जणू त्यातून दुसराच कुणी माणूस बोलत होता. मग फोन बंद करून पलंगावर टाकला. सरांचं बोलणं अंगावर आलं होतं, मुलाचं 'बरं' काळजात रुतलं होतं, पण हे तिला सोसेना. त्यानंतर तो आठवडाभर रोज फोन करत राहिला. तिनं एकदाही उचलला नाही.

पुढच्या रविवारी हर्षल म्हणाला, "आई, आज नको जाऊस. मी सरांना सांगतो तुझं बरं नाही म्हणून."

"माझं बरं हाय. गाडी काड."

मैदानावर गेल्या-गेल्या ती ओळीत उभी राहिली नाही. सरळ अमृत सरांच्या टेबलापाशी गेली आणि बोट पुढं केलं.

"आधी टोच."

सर हसले. "मावशी, टोचणं पळून झाल्यावर असतं."

"नंतर बी टोच. पन आधी टोच. सगळ्यांच्या म्होरं."

"असं एकेकाला करत बसलो तर..."

"तू मला एकटीलाच खोटं पाडलं न्हवं? मंग एकटीलाच टोच!" तिचा आवाज इतका चढला की पलीकडं क्रिकेट खेळणारी माणसंही थांबून बघू लागली. हर्षल गाडीपाशी होता, तो धावत आला. "आई, अगं हळू..." तिनं त्याच्याकडं बघितलं मात्र, तो तिथंच थांबला.

सरांनी टोचलं. एकशे शेहेचाळीस. "ठीक आहे," ते म्हणाले. तेही आता चिडले होते. "होऊनच जाऊ दे. छगनराव, तुम्ही मावशींबरोबर पळा. एक क्षण नजर हलवायची नाही."

मनकर्णानं पिशवी टेबलावर ठेवली. सगळ्यांदेखत पाण्यानं चूळ भरली, पदर झटकून दाखवला, कनवटीची चंची काढून हर्षलच्या हातात दिली. त्यात सुपारी होती. "बगून घे," ती म्हणाली. हर्षलनं मान खाली घातली.

मग ती पळू लागली. छगनराव शेजारी. आज सर मागून ओरडले नाहीत तरी तिच्या छातीत तसंच धडधडत होतं, रागानं जास्तच. पहिल्या फेरीला छगनराव नेहमीसारखे विनोद करत होते. नंतर गप्प झाले. पायऱ्या चढताना ते मागं राहू लागले.

"चला की!" मनकर्णा वर उभी राहून ओरडली. "माज्यावर नजर ठिवायचीय न्हवं तुमाला?"

छगनराव कठड्याला धरून उभे होते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि ते तिच्याकडं बघत होते पण ओळख नसल्यासारखे. "गाडी... गाडी डेपोत लावायचीय," ते म्हणाले.

आधी तिला वाटलं सोंग करतोय. मग त्यांचा हात धरला तर तो बर्फासारखा गार आणि थरथरणारा. ती दोन-दोन पायऱ्या खाली उतरली, त्यांना धरून बसवलं आणि किंचाळली, "हर्षल! धाव! ह्यांना कायतरी व्हायलंय!"

खालून सर ओरडले, "बसवू नका मावशी! घाम येतोय म्हणजे साखर जळतेय, चालत ठेवा त्यांना!"

"तुज्या साकरंला आग लागो!" मनकर्णा गरजली. "मानूस चाललाय हितं!"

हर्षल यंत्र घेऊनच वर पोचला. छगनरावांचं बोट टोचलं. बावन्न. अमृत सर मागोमाग आले, त्यांनी तो आकडा वाचला आणि त्यांच्या तोंडचा रंग उडाला. साखर वाढली की काय होतं हे ते दर रविवारी सांगत. इतकी खाली गेली तर माणूस हातचा जाऊ शकतो हे त्यांना माहीत होतं, पण आपल्या मैदानावर कधी असं होईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. साखर कुणाजवळच नव्हती. सगळी पथ्याची माणसं. हर्षल फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीकडं पळाला आणि साखरेचा डबाच उचलून आणला. मनकर्णानं पाण्यात मूठभर साखर कालवली आणि छगनरावांचं डोकं मांडीला टेकवून घोट-घोट पाजली. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत ओळख आली.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले, "तुमी... पळताय न्हवं?"

"गप पडा."

मग तिनं तसंच पायरीवर बसल्या-बसल्या डावा हात सरांच्या पुढं केला. "टोच."

"मावशी, आत्ता?"

"आत्ताच."

सरांनी टोचलं आणि आकडा वाचला. दोनशे तेवीस.

हर्षल आकड्याकडं बघत होता, आणि त्याच्या हातात आईची चंची होती.

"आता सांग," मनकर्णा सरांना म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, त्यामुळं जास्त भीती वाटावी असा. "काय खाल्लं म्या?"

डॉक्टर सुकन्या यांचा दवाखाना मैदानामागच्या गल्लीतच होता. खाली दवाखाना, वर घर. रविवार असून त्या खाली आल्या. छगनरावांना कॉटवर झोपवलं, पुन्हा तपासलं, खायला दिलं, आणि मग विचारलं, "काका, रात्री जेवला होतात?"

छगनराव छताकडं बघत राहिले.

"गोळ्या किती घेतल्या?"

"दोन," ते म्हणाले. "शनवारी रातच्याला दोन घेतो. आन् जेवत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. पयल्या महिन्यात माजी बी चढायचीच, ह्यांच्यासारकी. सरांनी माइकवर इचारलं, बुंदी का जिलबी? लोकं हसली. तवापासनं दोन खातो. मंग उतारती."

मनकर्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. "मंग मला हसत हुता व्हय तुमी? सगळ्यात मोट्यानं?"

"हसलो न्हाई तर माज्याकडं बगतील, आसं वाटलं," छगनराव म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

अमृत सर दारात उभे होते. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडं पाठ केली. त्यांनी मनकर्णालाच प्रश्न विचारले. पळताना काय होतं? छातीत धडधडतं का? तोंड कोरडं पडतं? आदल्या रात्री झोप लागते का? मनकर्णानं सगळं सांगितलं. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, काय खाल्लंस.

"आजी, तुम्ही काही खाल्लेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती साखर तुमच्याच अंगातली आहे."

"माज्याच?"

"जिवाच्या करारावर पळायला लागलं की शरीराला वाटतं संकट आलं. मग अंगात काही हार्मोन सुटतात. ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल. ते यकृताला सांगतात, साठवलेली साखर सोड, हिला जोर पाहिजे. साखर नसलेल्या माणसाच्या अंगात ती लगेच वापरली जाते. तुमच्यात ती थोडा वेळ रक्तातच फिरत राहते. तासा-दोन तासांनी बहुतेक उतरतही असेल. पण तेव्हा कुणी मोजलं नाही."

"मग बाकीच्यांची का नाही चढत?" अमृत सरांनी दारातूनच विचारलं. त्या प्रश्नात आता माइकवरचा आवाज नव्हता. "मैदान तेच, फेऱ्या त्याच."

"फेऱ्या त्याच, माणसं वेगळी. हे हार्मोन सगळ्यांत सारखे सुटत नाहीत. एकाच व्यायामानं कुणात थोडे सुटतात, कुणात कितीतरी जास्त. वय, सवय, झोप, जन्मजात घडण, पुष्कळ गोष्टी आहेत, आणि सगळं आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. त्यात पहाटे ते तसेही जास्त असतात. त्यात उपाशी पोट. त्यात चारचौघांत काय ऐकावं लागेल ही धास्ती. ती धास्तीसुद्धा साखर चढवते, सर."

"माझी पळूनच गेली," सर हळूच म्हणाले.

"तुमची गेली. खरं आहे ते. यांची चढली, तेही खरं आहे."

हर्षलनं विचारलं, "म्हणजे आईनं व्यायाम बंद करायचा?"

"मुळीच नाही. चालायचं. जेवण झाल्यावर, बोलता-बोलता चालता येईल इतक्याच वेगानं. पुढं वेग वाढवायचा असला तर हळूहळू, सवय होईल तसा. आणि मोजायची ती जरा बसून, शांत झाल्यावर."

मनकर्णाला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की आपल्याला हलकं वाटेल. तसं झालं नाही. उलट आत काहीतरी जास्तच पेटलं. आतापर्यंत तिला निदान एवढं तरी वाटत होतं की ह्या लोकांपाशी काहीतरी पुरावा आहे. आता कळलं की पुरावा नव्हताच, फक्त तिच्या शब्दाला किंमत नव्हती.

"डाक्टरबाई," ती म्हणाली, "हे सगळं ठावं न्हवतं म्हनून ह्यांनी मला इचारलं आसतं तर म्या रागावले नसते. ठावं न्हवतं तर म्हनायचं, ठावं न्हाई. खोटी का म्हनलं?"

डॉक्टरबाईंनी दारातल्या सरांकडं बघितलं. उत्तर सरांनी द्यायचं होतं.

गाडीत बसल्यावर हर्षलनं चावी फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "आई, चुकलं माझं."

"व्हय. चुकलं."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, मशीन खोटं बोलत न्हाई. न्हाईच बोललं ते. पन आई बी बोलत न्हवती, हे तुला वाटलं न्हाई." तिनं खिडकीकडं तोंड केलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "रडू नगंस. गाडी चालवायचीय तुला."

घरी पोचल्यावर राजनंदिनीनं सगळं ऐकलं. तिनं साखरेच्या डब्याचं कुलूप काढलं, पुडी आणून सासूच्या पुढं ठेवली आणि खाली मान घालून उभी राहिली. मनकर्णानं पुडी उचलून पुन्हा तिच्याच हातात दिली. "देवापुडं ठिव. आन् परत माज्या कपाटाला हात लावायचा आसंल तर मला उटवून लावायचा." सुनेशी तिनं तेवढ्यावरच मिटवलं.

अमृत सर घरी येतील असं तिला वाटलं होतं. आले नाहीत. त्यांनी ग्रुपवर एक निरोप टाकला, की प्रकृतीच्या कारणानं कुणाला त्रास होत असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं. हर्षलनं तो वाचून दाखवला. मनकर्णा म्हणाली, "ह्येच्यात माजं नाव कुटंय?"

"नाव कशाला असेल, आई? झालं ना आता."

"खोटं पाडताना हुतं की."

पुढच्या रविवारी ती चालत मैदानावर गेली. हर्षल नको म्हणत होता, तरी मागोमाग आलाच. ती पळाली नाही. शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहिली. छगनरावही आले होते, स्वेटर घालून, बाकड्यावर बसलेले. पळणं झालं. सर माइक घेऊन उभे राहिले. ते नेहमीपेक्षा थकलेले दिसत होते. त्या आठवड्यात त्यांनी छगनरावांच्या घरी दोनदा जाऊन त्यांच्या बायकोच्या शिव्या ऐकून घेतल्या होत्या.

"आजपासून पळण्याआधीही मोजायचं आहे," ते म्हणाले. "आणि पळून झाल्यावर लगेच नाही, तासाभरानं, आपापल्या घरी. आकडे माइकवर सांगितले जाणार नाहीत. काही जणांचं शरीर व्यायामाला वेगळं वागतं, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. मागं काही जणांच्या बाबतीत थोडा गैरसमज..."

"काही जन म्हंजे कोन?" मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या.

"नाव घ्या. तवा आडनाव घेतलं हुतं, गाव घेतलं हुतं. आता जीब जड झाली व्हय?"

सरांनी माइक खाली घेतला आणि तिच्याकडं यायला निघाले. बहुधा त्यांना जवळ येऊन, हळू आवाजात बोलायचं होतं.

"हितं यिऊ नगा. तितंच उबं ऱ्हावा. त्येच्यातच बोला."

सर थांबले. माइक धरलेला हात बराच वेळ खालीच होता. साठ-सत्तर माणसांसमोर हे करणं त्यांना किती जड जात होतं ते मनकर्णाला दिसत होतं, आणि तिला त्यांची दया येत नव्हती. अखेर त्यांनी माइक तोंडाशी नेला.

"कर्जतच्या मनकर्णा तोरडमल यांनी काही खाल्लं नव्हतं," ते म्हणाले. "कधीच खाल्लं नव्हतं. मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. त्या खऱ्या होत्या. माझी चूक झाली."

टाळ्या पडल्या नाहीत, हे बरं झालं. मनकर्णानं पदर खोचला आणि फाटकाकडं वळली. तिच्या मागं एका बाईनं सरांना विचारलेलं तिला ऐकू आलं, "सर, पायऱ्या चढल्यावर माझीपण चढते. मी सांगितलंच नव्हतं कधी." त्यावर सर काय म्हणाले ते ऐकायला ती थांबली नाही.

त्याच दुपारी तिनं माळीवाड्याच्या स्टँडवरून कर्जतची गाडी धरली. हर्षल सोडायला आला, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. "आई, परत येशील ना?"

"यीन की. तुजं घर काय वाईट हाय व्हय," ती म्हणाली. पोरावरचा तिचा राग निम्मा उतरला होता. उरलेला ज्याच्यासाठी राखून ठेवला होता त्याच्याकडं ती निघाली होती.

सहादेव बागेत ठिबकच्या नळ्या साफ करत होता. ती बांधावरून येताना दिसली तशी नळी तिथंच टाकून तो उठला. त्याच्या तोंडावर मोठं हसू होतं. "हर्षलचा फोन आल्ता! साबित झालं म्हनं. सरानं माफी मागितली म्हनं! झालं का न्हाई मनासारकं?"

मनकर्णा बांधावर बसली. लांबून चालत आल्यानं दम लागला होता. दम बसेपर्यंत ती बागेकडं बघत राहिली.

"साबित झालं म्हनून तुमाला पटलं," ती म्हणाली. "त्याच्या आदी?"

"अगं, म्या काय म्हनलो हुतो..."

"तुमी म्हनला, खाल्लं म्हन. न्हाई खाल्लं तरी खाल्लं म्हन. त्या सराला मी ठावं न्हवते. पोरगं शिकलंय, त्येला मशीन खरं वाटतं. तुमी माज्यासंगं चाळीस वर्सं एका ताटात जेवलाव."

सहादेवाचं हसू गेलं. हाताला लागलेला चिखल तो धोतराला पुसत राहिला. "मला वाटलं, मिटंल," तो म्हणाला. "तुजा जीव नगं जाळायला. म्हनून."

"मिटवायला माजं तोंड काळं करायचं हुतं."

सहादेवानं टाकलेली नळी उचलून गुंडाळून ठेवली. संध्याकाळी चूल पेटवायला तो आधी उठला. तिनं भाकरी थापल्या. दोघं जेवली, एका ताटात नाही, दोन ताटांत. जेवण झाल्यावर तिनं चपला घातल्या. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं पाटाच्या कडेनं चालायचं होतं. सहादेवानं कंदील घेतला आणि काही न विचारता बरोबर निघाला.

पाटाला पाणी सुटलेलं होतं. बोलत-बोलत चालावं असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पण पुलापर्यंत दोघांतलं कुणीच बोललं नाही.

पुलावर सहादेव थांबला. "अजून राग हाय?"

"हाय."

"लई?"

मनकर्णानं जरा विचार केला. उगाच कमी करून सांगायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

"लई हाय," ती म्हणाली. "चला म्होरं."